दिसेल असं बोल

नलूआत्या गेल्याची बातमी मला हातांनी कळली. सकाळचे अकरा वाजले असतील. ग्वाल्हेरच्या टोपी बाजारात लग्नपत्रिकांचा एक गठ्ठा पोचवून मी स्कूटर सुरू करत होते, तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. मुन्नीदीदीचा व्हिडिओ कॉल होता. मुन्नीदीदी आत्याची जुनी मैत्रीण, तिच्यासारखीच ऐकू न येणारी, राहायला हजिऱ्यात. शेवटचे काही दिवस ती आत्याकडेच मुक्कामाला होती. पडद्यावर आधी छत दिसलं, मग पंखा, मग तिचा चेहरा. तिने फोन कशाला तरी टेकवून उभा केला, दोन्ही हात मोकळे केले आणि आत्याचं नाव घेतलं. बहिऱ्या माणसांत प्रत्येकाचं हातांनी घ्यायचं एक नाव असतं. आत्याचं नाव म्हणजे चिमटीत धरलेला, न दिसणारा दोरा ओठांशी नेऊन ओला करायचा. ती ब्लाऊज शिवायची आणि सुईत ओवण्याआधी दोरा तसाच ओला करायची. मुन्नीदीदीने ते नाव घेतलं... आणि हात मांडीवर ठेवले. पुन्हा उचललेच नाहीत. माझ्याभोवती हातगाड्या होत्या, हॉर्न होते, भावावरून चाललेली हुज्जत होती. त्या गोंगाटात ते दोन थांबलेले हात जे सांगत होते, ते समजायला मला क्षणभरही लागला नाही.

याला आता सहा आठवडे झाले. भेटायला आलेल्या बहुतेकांनी एकच वाक्य वेगवेगळ्या शब्दांत म्हटलं: बिचारी सुटली. आत्याच्या बाबतीत 'बिचारी' हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले आहे आणि तो वापरणाऱ्यांपैकी किती जणांना तिच्याशी चार वाक्यं बोलता येत होती, हे मला पक्कं माहीत आहे. म्हणून हे लिहिते आहे. मला हळहळायचं नाही, आभार मानायचे आहेत. मानता मानता थोडं भांडणही होईल; आमच्या घरात या दोन गोष्टी कधी वेगळ्या काढल्या गेल्या नाहीत.

आमचं घर पत्रकांचं. आजोबा गिरणीत होते आणि कामगारांची पत्रकं लिहीत. गिरणी बंद पडली, पत्रकं पडली नाहीत. बाबांनी छापखाना काढला. पोटासाठी लग्नपत्रिका आणि बिलबुकं, आणि मनासाठी ज्याला कुणाला काही म्हणायचं असेल त्याची पत्रकं. घरातली भांडणंसुद्धा आम्ही लिहून स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवत असू. नऊ वर्षांची असताना मी कारल्याच्या भाजीविरुद्ध सहा मुद्द्यांचं पत्रक लावलं होतं. आईने त्याखाली उत्तर लिहिलं आणि भाजी चालूच ठेवली. सांगायचा मुद्दा असा, की छापलेल्या शब्दाने सगळं होतं, यावर आमची श्रद्धा होती. त्याच घरात, बाबांहून सहा वर्षांनी मोठी, त्यांची बहीण वाढली. तिसऱ्या वर्षी मोठा ताप आला आणि तिचं ऐकणं गेलं. मग लांबच्या शहरातल्या बहिऱ्या मुलांच्या वसतिगृहात शाळा, तिथे शिकलेली हातांची भाषा आणि सुट्टीत घरी आलं की ती भाषा कळणारं कुणी नाही. घरच्यांशी तिचं बोलणं चालायचं ते लहानपणीच्या दहा-वीस घरगुती खुणांवर. जेव. झोप. आई बोलावते. पाऊस येतोय, कपडे काढ. एवढ्या शब्दांत कुणाचं आयुष्य बसेल? आणि बाकी जे काही घरात चाललेलं असे, त्याबद्दल तिने विचारलं की एकच उत्तर ठरलेलं, "काही नाही गं, नंतर सांगतो." ते नंतर क्वचितच यायचं.

यंत्रं माणसाला जवळ आणतात असं आपण सहज म्हणतो. आत्याकडून मी शिकले, की आधी कुणाला, हे विचारायला हवं. तिच्या लग्नाच्या आदल्या वर्षी आमच्याकडे टेलिफोन आला. सगळ्या आळीला पेढे वाटले. आत्या मला सांगायची, की त्या दिवशी ती घरात पहिल्यांदा खरी एकटी पडली. तोवर माणसं समोर येऊन बोलत. ओठांवरून, चेहऱ्यांवरून तिला अर्धंमुर्धं कळायचं. आता सगळी जणं एका काळ्या डब्याकडे धावत, भिंतीकडे तोंड करून हसत, रडत, आणि तो खाली ठेवला की पुन्हा तेच, नंतर सांगतो. कुणीतरी गेलं, कुणाचं तरी जमलं, हे तिला स्वयंपाकात गोड होतंय की नाही त्यावरून ओळखावं लागे.

लग्न तिने स्वतः जमवलं. प्रकाशकाका तिच्याच शाळेतले, दोन वर्षांनी पुढे. हजिऱ्यात फर्निचरच्या कारखान्यात पॉलिश करायचे. जयेंद्रगंजात दुसऱ्या मजल्यावर त्यांच्या दोन खोल्या होत्या. तिथे सगळं दिसेल असं मांडलेलं होतं. आरसा असा टांगलेला, की स्वयंपाकघरात उभं राहून बाहेरचं दार दिसावं. गल्लीतल्या इलेक्ट्रिशियनला धरून काकांनी घंटेच्या तारेला दिवा जोडून घेतला. खाली बटण दाबलं की शिलाई मशीनच्या डोक्यावर लाल दिवा लुकलुके. मला तो दिवा जगातली सर्वांत हुशार वस्तू वाटायचा आणि विनाकारण बटण दाबून पळण्याबद्दल मी तिथे पुष्कळ बोलणी खाल्ली आहेत. हातांची भाषा मी तिथेच, अशी बोलणी खात शिकले. हातांनी दिलेली बोलणी तोंडच्यांपेक्षा जास्त लागतात, कारण ती घेताना मान खाली घालता येत नाही.

मी पहिली-दुसरीत असताना त्या दोघांनी दोन साधे मोबाईल घेतले. लोक हसले. बहिऱ्यांना फोन कशाला? काकांनी कारखान्यातून पहिला मेसेज पाठवला, इंग्रजी अक्षरांत एकच हिंदी शब्द: चाय? आत्याने आधण ठेवलं आणि अर्ध्या तासाने काका सायकलवरून हजर. ही गोष्ट ती दर वेळी हसत सांगे, पण एकदा हसून झाल्यावर थांबली आणि म्हणाली, की त्याआधी काकांना उशीर झाला तर तिला खिडकीत उभं राहण्यापलीकडे काहीच करता येत नसे. सतरा वर्षं खिडकीत... आपण ज्याला किरकोळ म्हणतो त्या मेसेजने तिला खिडकीतून सोडवलं. मग फोन उशाखाली थरथरून उठवू लागला, गिऱ्हाइकं गळ्याच्या नमुन्याचा फोटो पाठवू लागली, आणि मी कॉलेजात असताना इंटरनेट स्वस्त होऊन व्हिडिओ कॉल आले, तेव्हा तर तिचं घर गजबजून गेलं. फोन पिठाच्या डब्याला टेकवून ती मुन्नीदीदीशी तासन् तास बोले. कणकेत हात घातले की बोलणं तुटायचं आणि समोरून मुन्नीदीदी चिडायची, आधी तोंडातला घास गिळ. पुढे मोबाईलवर आपण बोललेलं लिहून दाखवणारी सोय आली. तिच्यासमोर मी आमचं ग्वाल्हेरी मराठी बोलले, अर्धं हिंदी, अर्धं मराठी; फोनने जे काही लिहिलं ते वाचून आत्या म्हणाली, याच्यापेक्षा तुझे ओठ बरे.

एकदा मी तिच्याबरोबर बँकेत गेले होते. खात्याची खात्री करायची होती आणि खिडकीवरचा माणूस म्हणत होता, नंबरवर कॉल जाईल, उचलून हो म्हणायचं, नियम आहे. मी भांडायला तोंड उघडणार, तोच आत्याने मला मागे सारलं आणि त्याला खूण केली, कर कॉल. तिच्या हातातला फोन थरथरला. तिने तो उचलला आणि शांतपणे काचेच्या फटीतून त्याच्याच हातात दिला. आता बोल. दोन्ही फोन कानांशी धरून तो माणूस काही क्षण बसून राहिला. मग त्याने फॉर्म पुढे सरकवला, सही पुरे म्हणाला. बाहेर आल्यावर आत्याने मला माझ्या नावाने हाक मारली. माझं नाव तिने ठेवलं होतं ते म्हणजे हवेत उगारलेलं एक बोट, भाषण करणाऱ्याचं. ती म्हणाली, तुला मुद्दे सांगायचे असतात. मला घरी जाऊन बाह्या लावायच्या असतात.

पाच वर्षांपूर्वी काकांना कॅन्सर झाला. डॉक्टरांनी बाबांना बाहेर बोलावून सांगितलं. बाबांनी ते तीन आठवडे मनात ठेवलं, ताईला कसं सांगायचं म्हणून. आत्याला कळलं ते मुन्नीदीदीच्या भाचीने फाईलमधला कागद वाचून हातांनी सांगितला तेव्हा. नवरा तिचा, खाट तिच्या घरात, औषधं तीच देत होती, आणि ती कशाची देतेय हे तिच्याखेरीज सगळ्या नात्याला माहीत होतं. काका दोन महिन्यांत गेले. तेराव्याला आमच्या घरी सगळे जमले आणि जेवणं झाल्यावर बोलणं निघालं, आता नलूचं काय. बाबा म्हणाले, "एकटी कशी राहील ती? सिलेंडर लीक झाला, कोण घुसलं, तर आवाज तरी येणार आहे का तिला? खोल्यांना टाळा लावू आणि आणू इकडे." सगळ्यांनी माना डोलावल्या. आत्या तिथेच बसली होती. माना डोललेल्या तिला दिसल्या. तिने मला खुणेने विचारलं, काय चाललंय? आणि मी, हातांची भाषा येणारी घरातली एकुलती एक, मी सांगितलं, नंतर सांगते.

ते माझ्याकडून कसं झालं याचं उत्तर मला अजून देता येत नाही. तेव्हा मात्र मी आमच्या घराण्याचा उपाय केला. चार दिवसांनी बाबा टेम्पो आणि रिकामी खोकी घेऊन जयेंद्रगंजात गेले, तेव्हा आत्याला ठरलेलं कळलं. तिने मशीन दाराला आडवं लावलं आणि खोकी जिन्यावरच राहिली. मी घरी येऊन एका बैठकीत पत्रक लिहिलं: 'एका बहिणीच्या स्वातंत्र्याचा प्रश्न'. भावाची सत्ता, नात्यातली हुकूमशाही, मूक स्त्रीचा आक्रोश, काही सोडलं नव्हतं. छापायला आमचाच छापखाना. बाबांनी मजकूर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. स्वतःविरुद्धचा. दोन शुद्धलेखनाच्या चुका काढल्या, 'आक्रोश' दोनदा आलाय म्हणाले आणि छापून दिलं. आमच्याकडे विरोधकाचं पत्रक परत पाठवत नाहीत. गणपतीचे दिवस होते. मराठी मंडळाच्या आरतीनंतर मी ते दारात उभी राहून वाटलं आणि मोठा पराक्रम केल्यासारखी घरी आले.

दुसऱ्या दिवशी आत्याचा मेसेज. ये. तिच्या एका गिऱ्हाइकाने तो कागद तिला आणून दिला होता, वर डोळेही पुसले होते. आत्याने तो मशीनवर पसरला होता आणि न कळलेल्या शब्दांखाली कापडावर खुणा करायच्या निळ्या खडूने रेघा मारल्या होत्या. अर्धं पान निळं झालं होतं. आयुष्यभर शब्द पोटात घेऊन जगणाऱ्या मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं, की छापील भाषा तिची नव्हे. ती कष्टाने शिकलेली परकी भाषा आहे. तिने 'मूक' या शब्दावर बोट ठेवलं. कोण मूक? मी म्हटलं, तसं लिहायची पद्धत आहे. ती म्हणाली, बहिरी लिही. मुकी मी कधी होते? मग तिने कागदाची घडी घातली आणि अगदी सावकाश, मला एकही खूण चुकू नये अशा बेताने सांगितलं, "तुझ्या बाबाने मला न विचारता घर बंद करायचं ठरवलं. तू मला न विचारता मला छापलंस. फरक काय, तर तुझ्या हातात कागद आहे."

ती घडी तिने माझ्या हातात दिली आणि मी ती खिशात घातली.

त्या रविवारी मुन्नीदीदी आली आणि दोघींनी मिळून एक व्हिडिओ केला. आत्या मशीनपुढे बसून सरळ कॅमेऱ्यात बघत चार मिनिटं बोलते, एवढंच. मी म्हटलं, मी आवाज देते, निदान खाली ओळी लिहिते. तिने बोट हलवलं. नाही. ज्याला समजून घ्यायचंय तो येईल. आणि मला बजावलं, की कुणालाही अर्थ सांगायचा नाही. व्हिडिओ नात्याच्या ग्रुपवर गेला. हात जोडल्याची चित्रं आली, गुलाबाची फुलं आली, एका चुलत भावाने विचारलं, "ये बुआ कह क्या रही हैं?" मी उत्तर दिलं नाही. एवढी गप्प मी त्याआधी कधी राहिले नव्हते. बाबा माझ्याकडे दोनदा आले. दोन्ही वेळा मी म्हटलं, "बाबा, मला मनाई आहे." ते छापखान्यात जाऊन व्हिडिओ पुन्हा लावत, थांबवत, मागे नेत. प्रुफं तपासणारा माणूस तो. ओळ न् ओळ वाचत होते आणि एक अक्षर लागत नव्हतं. घरातल्या बोलण्यात साठ वर्षं आत्या जिथे बसली होती, तिथे ते दोन दिवस बसले.

तिसऱ्या दिवशी ते जयेंद्रगंजात गेले. मी मागून गेले, ते नको म्हणाले नाहीत. त्यांनी खालचं बटण दाबलं. वर आत्याने दार उघडलं आणि काही न विचारता खुर्ची अशी ठेवली की खिडकीचा उजेड तिच्या हातांवर पडेल. बाबांनी व्हिडिओ दाखवला आणि लहानपणीच्या त्या दहा-वीस खुणांतली एक केली, काय? मग तिने एकेक वाक्य घेतलं. कळेपर्यंत पुन्हा, वस्तू दाखवून, चित्र काढून, उठून गॅसपाशी जाऊन. दुपारभर. मला मध्ये पडू दिलं नाही. ती म्हणत होती, की या घरात मी तीस वर्षं आहे. दाराची घंटा मला दिसते. गॅसचा वास मला तुमच्याआधी येतो. काही झालं तर फोन आहे, मुन्नी आहे, तू आहेस. पडेन, मरेन, ती भीती तुलाही आहे, मलाही आहे. पण मला दुसरी भीती जास्त आहे. तुझ्या घरी ताटावर सगळे बोलतील, हसतील, आणि मी भिंतीकडे बघत जेवेन. इथे मी एकटी राहते. तिथे मी एकटी पडेन.

शेवटचं वाक्य बाबांना पहिल्यांदाच कळलं. त्यांनी पुन्हा करायला सांगितलं नाही. स्वतःचे हात उलटेसुलटे करून पाहिले. मग म्हणाले, तोंडानेच, पण तिच्याकडे बघत, सावकाश, "ताई, मला शिकव."

खोकी जिन्यावरून परत गेली. पुढची पाच वर्षं बाबा दर रविवारी तिच्याकडे जात. तिथे पाच-सात बहिरी मंडळी जमत. चहा, पत्ते, कुचाळक्या, आणि त्यात एक ऐकू येणारा, साठीचा, मंद विद्यार्थी. ती सगळी त्यांच्या चुकांना पोट धरून हसत. आत्या म्हणे, तुझ्या हातात छपाईच्या चुका फार. तरी ते शिकले. रोज सकाळी सातला आमच्या ओट्यावर फोन उभा राही आणि बहीणभाऊ आपापल्या घरात समोरासमोर चहा पीत. पहिल्या महिन्यात बोलायला शब्द नव्हते, तर नुसते कप दाखवत. वर्षभरात त्यांची भांडणं होऊ लागली आणि मला तेव्हा कळलं की आता जमलं. फोनबद्दल मी एकदा फार कौतुकाने बोलले, तर आत्या म्हणाली, फोन चांगला आहे. पण आत माणूस पाहिजे.

या हिवाळ्यात तिला धाप लागू लागली. दवाखान्यात नर्सने सलाईन उजव्या हाताला लावलं आणि ती गप्प झाली. उजव्या हातात सुई म्हणजे तोंडावर पट्टी. मी सांगितल्यावर त्या भल्या मुलीने सुई डाव्या हाताला बदलली आणि म्हणाली, "अम्मा, बताना था ना." आत्याने ते तिच्या चेहऱ्यावरून ओळखलं आणि तिला एवढं हसू आलं की खोकला उसळला. दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. फाईल चाळली, बाबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आप ज़रा बाहर आइए." मी बाबांकडे बघत होते. आत्याही बघत होती. डॉक्टरांच्या तोंडावर मास्क होता, शब्द तिला दिसले नव्हते; पण खांद्यावरचा तो हात तिने पाच वर्षांपूर्वी पाहिला होता. बाबा जागचे हलले नाहीत. त्यांनी खिशातून फोन काढला, बोललेलं लिहिणारी सोय लावली आणि डॉक्टरांपुढे धरला. "जो कहना है, इनसे कहिए. बीमार ये हैं."

डॉक्टर क्षणभर गोंधळले. मग त्यांनी मास्क खाली केला, स्टूल ओढलं आणि आत्यासमोर बसले. ते बोलत गेले, फोनवर हिंदी अक्षरं उमटत गेली, आणि आत्या वाचत गेली. अडलं तिथे बाबांनी हातांनी सांगितलं. हृदय फार थकलं होतं. दिल्लीला नेऊन ऑपरेशन करता येईल, पण टेबलावरून परत येण्याची खात्री नाही; नाहीतर औषधं आणि घर. तिने विचारलं, घरी गेले तर किती दिवस? डॉक्टर म्हणाले, थोडे महिने, कदाचित थोडे आठवडे. अक्षरं उमटली. तिने ती दोनदा वाचली. मग फोन तिने बाबांकडे वळवला, त्यांनीही नीट वाचलं ना हे बघायला. बाबांना दिल्ली हवी होती. मला माहीत होतं, आदल्या दिवशीच त्यांनी गाडीवाल्याला विचारून ठेवलं होतं. त्यांनी हात उचलला आणि विचारलं, "दिल्ली?" एकदाच. तिने सांगितलं, "घर." बाबांनी मान हलवली, डॉक्टरांकडे वळले आणि म्हणाले, "दीदी घर जाएँगी." माझ्या घराण्याने आजवर काढलेल्या सगळ्या पत्रकांत मला त्या तीन शब्दांएवढं मोठं वाक्य आठवत नाही.

ती एकोणीस दिवस स्वतःच्या घरी राहिली. खिडकीजवळ खाट, शेजारी मुन्नीदीदी. हात थकत, तर छोट्या खुणांत बोले. त्यालाच कुजबुज म्हणायचं. शेवटच्या रविवारी सगळी मंडळी आली होती आणि बाबा पत्त्यांत हरले. दोन दिवसांनी सकाळी चहा घेतल्यावर ती डोळे मिटून पडली, ती उठली नाही. जवळच्या माणसाने जवळच्या माणसांना तिच्याच भाषेत कळवलं. कुणालाही नंतर कळलं नाही.

मी कुणाकुणाचे आभार मानू? ज्या इलेक्ट्रिशियनने घंटेला दिवा जोडला, त्याचे. स्टूल ओढून बसलेल्या डॉक्टरांचे. मुन्नीदीदीचे, जिच्यामुळे फोनच्या आत माणूस होता. स्वस्त झालेल्या इंटरनेटचेही, जरी ते कुणी आत्यासाठी स्वस्त केलं नव्हतं. आणि तिचे, कारण माझ्या हातातला कागद तिने घडी घालून परत दिला. मी अजून पत्रकं लिहिते, लिहीत राहीन. फक्त ज्याच्याबद्दल लिहायचं त्याला आधी दाखवते, आणि तो नको म्हणाला तर फाडते.

परवा संध्याकाळी आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. बाबा छापखान्यातली काहीतरी गोष्ट सांगत होते आणि ऐन रंगात वीज गेली. अंधारात आत्याशी बोलता येत नसे. म्हणून ती आमच्याकडे जेवायला आली असली आणि दिवे गेले की आम्ही सगळेच गप्प बसायचो. तिला वगळून कुणी बोलायचं नाही, असं बाबांनी जयेंद्रगंजातल्या त्या दुपारनंतर ठरवून टाकलं होतं. परवाही ते वाक्याच्या मधोमध थांबले. आई थांबली, मी थांबले. कुठूनतरी जनरेटरची घरघर येत होती. थोड्या वेळाने बाबांनी फोनचा दिवा लावला आणि तो पाण्याच्या तांब्याला असा टेकवून ठेवला, की उजेड त्यांच्या हातांवर पडावा. आम्हा तिघांनाही नीट ऐकू येतं. पण राहिलेली गोष्ट बाबांनी हातांनीच पुरी केली. दोन ठिकाणी चुकले, थांबले... आणि दुरुस्त करून पुढे गेले.